आठावर थांबलेली रेषा

मंजुळाच्या खाणावळीत एके काळी पंगत उठायच्या आत दुसरी दाराशी उभी असायची. करी रोडच्या त्या एका खोलीत तिनं किती गडी जेवू घातले याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. गिरण्यांचा संप झाला आणि पंगत विरळ होत गेली. कुणी गावाला गेला तो तिकडचाच झाला, कुणी भिवंडीला मागावर गेला, कुणी भाजीची हातगाडी लावली. आता भाकऱ्या कमी थापाव्या लागत, तरी हात पूर्वीपेक्षा जास्त दुखत. माणूस कामानं दमत नाही, वाट बघून दमतो, असं तिची आई म्हणायची. तेव्हा मंजुळाला ते आईचं नेहमीचं रडगाणं वाटायचं.

वाट बघणारा मुख्य गडी घरातच होता. सीताराम, तिचा नवरा. गिरणीत तो सायझिंग खात्यात होता. सुताला खळ चढवायचं ते खातं. खळ पातळ झाली तर सूत मागावर तुटतं आणि घट्ट झाली तर कडकडून मोडतं, म्हणून ती मापात ठेवायची. त्यासाठी खात्यात वीतभर लांबीची एक नळी होती. साहेब लोक तिला रिफ्रॅक्टोमीटर म्हणत, खातं तिला दुर्बीण म्हणे. पुढच्या तिरक्या काचेवर खळीचा थेंब टाकायचा, वरची झडप लावायची, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं रेषा. रेषा ज्या आकड्यावर, तेवढी खळ. सीताराम रेषा बघून वाफेचा कॉक फिरवायचा आणि अख्खं खातं त्याच्या तोंडाकडे बघायचं. घरी कुणी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं ते नव्हतंच, पण तिथं बघायचे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा लालबागेत ढोल वाजले होते. संप संपल्याचं मात्र कुणी सांगितलंच नाही. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले, काही गडी मान खाली घालून आत गेले, सीतारामच्या गिरणीनं त्याला घेतलं नाही, आणि संप होता तिथंच राहिला. दारात मेलेलं जनावर पडलेलं असावं आणि ते उचलायचं कुणी, यावर वाडीभर गप्प बसावं, तशातली गत. सीतारामनं तर सरळ सांगून टाकलं होतं, "संप मिटल्याबिगर मी दुसऱ्याच्या दारात उभो रवचंय नाय." आणि मिटणार कधी, याचं उत्तर त्यानं देवाकडे मागितलं होतं.

इथं जरा थांबून सांगायला हवं. ही दोघं सावंतवाडीकडची. तिकडे गावाच्या सीमेवर राखणदार असतो. तो गाव राखतो, रात्रीचा फिरतो, आणि त्याला नारळाबरोबर दारूही लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ज्याचं त्याला द्यावं लागतं. अडल्यानडल्याला देवाला कौल लावायचा, म्हणजे खूण मागायची, हीही तिकडची रीत. देवाला लावलेली पाकळी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावाला जायची सोय नव्हती म्हणून सीतारामनं खोलीच्या कोनाड्यात एक नारळ मांडून राखणदाराला मुंबईत आणलं होतं. पण पाकळीच्या कौलावर त्याचं मन बसेना. दोनदा लावला, एकदा उजवी पडली, एकदा डावी. सायझिंगचा माणूस तो, त्याला आकडा लागतो.

म्हणून गेल्या जेठात त्यानं नवाच कौल मांडला. जांभळाची दारू घरी लावायची. रसात साखर असते, ती हळूहळू खाल्ली जाते, तिचीच दारू होते. दुर्बिणीतली रेषा शून्यावर आली म्हणजे साखर संपली. "रेषा शून्यार इली की संप मिटलो, ह्यो माझो कौल. आणि मिटलो की ही बाटली तुझी, म्हाराजा." असं त्यानं नारळापुढे बोलून टाकलं. मंजुळा तेव्हा पीठ मळत होती. देवापुढचं बोलणं ते, मध्ये तोंड कसं घालायचं? तिथंच चुकलं, असं तिला पुढं पुष्कळदा वाटलं.

दुर्बीण आणायला दोघं चोरबाजारात गेली होती. पैसे खाणावळीच्या डब्यातले, म्हणून मंजुळा बरोबर. एका दुकानदाराकडे तीन होत्या. एक लांबलचक, दिसायला सगळ्यांत झोकदार, तिच्यात आकडे नव्वदपर्यंत. मंजुळा म्हणाली, हीच घ्या, मोठी आहे. सीताराम हसला. किती दिवसांनी हसला ते तिनं मनात टिपून ठेवलं.

"ही मधाक नि काकवीक बरी. आकडे बघ कसे मुंग्यांवानी चिकटलेत. रसाक ही काय कामाची? माका बत्तीसपर्यंतची होई. आकडे सुटे, रेषा नीट वाचूक मिळता."

बत्तीसच्या दोन होत्या. एकीला रबराचा नवा डोळा होता, पण पुढच्या काचेचा कोपरा उडालेला. दुसरीचं रबर फाटकं, काच मात्र स्वच्छ. सीतारामनं फाटक्या रबराची उचलली, दुकानदाराकडे पाणी मागितलं, थेंब टाकला, झडप अलगद टेकवली, आत बुडबुडा राहिला नाही ना ते बघितलं आणि गप्प उभा राहिला.

"अब क्या हुआ, भाऊ?" दुकानदार म्हणाला.

"रुको. पानी को काच का गरमी लगने दो. नहीं तो झूठ बोलता है."

मग त्यानं नळी आभाळाकडे धरली. सूर्याकडे नाही, सूर्याच्या बाजूला. खिशातल्या बारक्या पेचकसानं खालचा स्क्रू किंचित फिरवला आणि रेषा शून्यावर आणून बसवली. त्या गल्लीत, भंगाराच्या ढिगाऱ्यात उभा असलेला तिचा नवरा दीड वर्षानं ताठ उभा होता. मंजुळानं घासाघीस न करता पैसे दिले. तेवढा मूर्खपणा तिनं आयुष्यात एकदाच केला.

पुढचं सगळं त्यानं खात्यातल्यासारखंच शिस्तीत केलं. दादरच्या बाजारात संध्याकाळी उरलेली, फुटलेली जांभळं आणली, कुस्करून गाळली. रस बघितला तर रेषा तेरावर. एवढ्यानं धड दारू होत नाही म्हणून रेशनची साखर घालत गेला, ढवळ आणि बघ, ढवळ आणि बघ, बावीसवर आणून थांबला. इराण्याच्या बेकरीतून खमीर आणलं. मोठ्या बरणीचं तोंड मेणानं बंद केलं, त्यातून एक रबरी नळी काढून पाण्याच्या तांब्यात सोडली. तांब्यात बुडबुडे यायला लागले. दारूबंदीवाल्यांना वास लागेल म्हणून मंजुळा जवळ सुक्या बांगड्यांची टोपली ठेवायची. शेजारी तिच्यावर करवादायचे, पण बांगड्याला कायदा नव्हता.

आणि रेषा भराभर उतरली! बावीसवरून सोळा, सोळावरून अकरा. सीताराम गिरणीच्या गेटवर जाऊन यायला लागला, दाढी करायला लागला. मग रेषा आठावर आली आणि थांबली. बुडबुडेही थांबले. त्यानं बरणी उन्हाजवळ सरकवली, गोधडीत गुंडाळली, पुन्हा खमीर घातलं. रेषा आठावर. मग त्यानं ठरवलं की रोज उघडून उपयोग नाही, कौल पौर्णिमेलाच बघायचा. तेव्हापासून दर पौर्णिमेला सकाळी तो आंघोळ करून नारळाला हात जोडी, गॅलरीत जाऊन थेंब बघी, पंच्याच्या टोकाला काच पुशी आणि आत येऊन आडवा होई. पंच्यावर जांभळा डाग पडायचा. जांभळाचा डाग तो, साबण संपेल पण तो जाणार नाही. त्या पंच्याचं टोक महिन्यागणिक काळंजांभळं होत गेलं. धुताना मंजुळा तो डाग घासत बसायची आणि रागानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डागाचा राग होता की नवऱ्याचा, तिलाच सांगता आलं नसतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. यंदाच्या वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळीच तिचा भाऊ भिवा आला. भिवा गिरगावात एका सरबतवाल्याकडे कामाला होता.

"भावोजी, सीझन चालू झालाय. शेटला बाटल्या धुवायला माणूस पायजे. मी तुमचं नाव टाकून ठेवलंय, पण तो उद्या दुपारपर्यंतच थांबेल. मग दुसरा घेणार. एकदम पक्कं काम हाय."

सीतारामनं भिंतीकडे तोंड केलं. "उद्या पौर्णिमा. कौल बघून सांगतंय."

"कसला कौल घेऊन बसलात? संप खलास झाला, भावोजी. सगळ्या मुंबैला माहीत हाय!"

"कोणी सांगल्यान? युनियनीन सांगल्यान? सरकारान सांगल्यान? कागद दाखव माका."

जाताना जिन्यात भिवा बहिणीला म्हणाला, "बाय, तू तरी बोल. किती दिवस एकटी ओढशील?" तिच्या हाताला हल्ली रात्री मुंग्या येत, सकाळी भाकरी थापताना करंगळी वळत नसे. हे तिनं भावालाही सांगितलं नव्हतं आणि नवऱ्याला तर नाहीच.

त्या दिवशी तिला परळला फिलूमावशीकडे जायचं होतं. फिलोमिना, म्हातारी, कॅथलिक, परळच्या जुन्या वस्तीतली. दर मेमध्ये तिच्या अंगणात वर्षाचा मसाला भाजून कुटतात आणि बाटल्यांत ठासून भरतात. मंजुळा तिथं कुटायला जाई. फिलूमावशी नाताळला घरी द्राक्षांची दारूही लावायची, हे मंजुळाला ठाऊक होतं. म्हणून निघताना तिनं औषधाच्या बारक्या बाटलीत बरणीतली चार चमचे दारू घेतली. तिला एवढंच विचारायचं होतं, की हिच्यात काय घातलं म्हणजे रेषा खाली येते.

मिरच्या भाजून झाल्यावर सगळ्या बाया खोकत सावलीला बसल्या तेव्हा तिनं बाटली पुढे केली. फिलूमावशीनं वास घेतला, जिभेवर थेंब घेतला, डोळे मिटले.

"कुनी केली गो? हात चांगला हाय."

"आमच्या ह्यांनी. पण अजून झाली नाही, मावशी. साखर अडलीय आठावर."

"साखर?" म्हातारी हसली. "आता साखर कुठं हाय हिच्यात? तू चाखलीस का कधी? सगळी खाऊन झाली. कधीच झाली ही."

"पण दुर्बीण आठ दाखवते."

"ती डोल्याला लावायची नळी? ती रसाला, पोरी. पयल्या दिवशी बघायचं, साखर किती हाय, अजून घालू का नको. एकदा आत दारू झाली का ती नळी खोटी. दारू पन तिला साखरेवानी दिसते. तुमची पयल्या धारेची दारू टाकून बघ, साखरेचा कन नसला तरी रेषा वर चढंल. माझा म्हातारा पुढं काचेचा तरंगता दांडा सोडायचा रसात. किती बुडतो ते बघायचा."

"म्हणजे ती शून्यावर यायचीच नाही?"

"मरेस्तोवर बघ. यायची न्हाय." मग तिनं जीभ टाळ्याला लावली. "पन आता थोडी आंबसायला लागलीय. लवकर बाटलीत भरा, न्हायतर शिरका होईल तिचा. मग ना देवाची, ना मानसाची."

मंजुळानं उरलेल्या मिरच्या कशा कुटल्या ते तिला आठवत नाही. मुसळ खालीवर होत होतं आणि ती हिशेब लावत होती. म्हणजे साखर गेल्या आषाढातच संपली. कौल कधीच लागून गेला आणि संप तर मिटला नाही. हे त्याला सांगायचं कसं? सांगितलं तर एक तर दुर्बीण खोटी पडते, नाही तर देव. दुर्बिणीवर त्याची वीस वर्षं उभी होती आणि देवावर पुढची. दोन्ही खांब एका वाक्यात काढून घ्यायचे म्हणजे छप्पर कुणाच्या डोक्यावर येणार? आणि नाही सांगितलं तर तो दर पौर्णिमेला आठ बघणार, भिंतीकडे तोंड करणार, आणि बरणीत हळूहळू शिरका होणार.

घरी आली तर सीताराम खाली नाक्यावर गेलेला. तिनं कधी हात लावला नव्हता ती दुर्बीण काढली. त्याच्यासारखा थेंब टाकला, झडप टेकवली, गॅलरीत जाऊन डोळा लावला. आधी नुसता धुरकट उजेड दिसला. मग एकदम निळं आणि पांढरं उघडलं. किती स्वच्छ निळं होतं ते! एवढ्या नळीत हा माणूस एवढं आभाळ घेऊन बसतो आणि कधी बोलला नाही. रेषा आठावर होती. तिनं काच आपल्या पदराला पुसली आणि माठातलं पाणी टाकून बघितलं. रेषा धावत शून्यावर गेली.

मग तिनं दुर्बीण जागेवर ठेवली आणि संध्याकाळच्या भाकऱ्यांना लागली.

सकाळी सीताराम आंघोळ करून नारळापुढे उभा राहिला. खांद्यावर तोच डागाळलेला पंचा. मंजुळा म्हणाली, "तुमी हात जोडा तवसर, थेंब मी घालतंय."

"तुका जमात?"

"बघतंय ना वर्षभर."

त्यानं डोळे मिटले. तिनं बरणीच्या बाजूला बसून, माठाच्या भांड्यातला थेंब काचेवर टाकला. पाप म्हणाल तर ते एवढंच होतं, एक थेंब पाणी. झडप टेकवली.

सीतारामनं दुर्बीण घेतली, गॅलरीत गेला, सूर्याच्या बाजूला धरली. मंजुळा उंबऱ्यात उभी. समोरच्या गॅलरीत कुणी चादरी झटकत होतं, खाली नळावर भांडणं चालली होती. तो बघत राहिला. नेहमी बघायचा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

मग त्यानं नळी खाली घेतली, झडप उघडली आणि सवयीनं पंच्याचं टोक काढून काच पुसली. पुसलं आणि पंच्याकडे बघितलं. जुने डाग कधीचे सुकलेले, आणि त्यांच्या शेजारी नुसता ओला ठिपका. ना जांभळा, ना लाल. पाण्याचा. सीताराम त्या ठिपक्याकडे बघत होता आणि मंजुळा सीतारामकडे. वीस वर्षं ज्यानं थेंबावर खळ ओळखली, त्याला पाणी कळणार नाही? हे तिच्या रात्रभर ध्यानात कसं आलं नाही? जमीन दुभंगेल तर बरं असं तिला झालं.

सीतारामनं मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. न वळणाऱ्या त्या करंगळीकडे त्यानं बघितलं, जणू पहिल्यांदाच.

"शून्य," तो म्हणाला.

आत येऊन त्यानं बरणीचं मेण पुरतं काढून टाकलं. बाटली भरली, नारळापुढे ठेवली, थोडी ओंजळीत घेऊन जमिनीवर सोडली. मंजुळाला हात जोडून मागं उभं राहायला खुणावलं. गावाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण देवाशी बोलतो आणि बाकीचा गाव मागून होकार भरतो. होकार नाही मिळाला तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. इथं गाव म्हणजे मंजुळा एकटी.

"बा राखणदारा म्हाराजा," सीताराम म्हणाला. "तुझी वस्तू तुझ्यापुढे ठेवलंय. थोडी आंबसली हा, ती गोड करून घे. उशीर झालो, तो माझो. संप मिटलो असा कोणी सांगूक नाय. युनियन सांगूक नाय, सरकार सांगूक नाय. म्हणान आज मी सांगतंय. माझो संप मिटलो. आमी हरलंव, म्हाराजा."

तो थांबला. त्यानं बाटल्या धुवायला जावं म्हणून मंजुळानं देवापुढे पाणी टाकलं होतं. पण हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायचे आणि त्यांना वर होकार द्यायचा, हे तिनं धरलं नव्हतं. सीताराम पाठमोरा तसाच उभा होता, हात जोडून, वाट बघत. आणि आता त्यानं आणखी वाट बघावी हे तिला सोसलं नाही.

"होय म्हाराजा," मंजुळा म्हणाली.